कोल्हापूरच्या हवेत मेंदी: भिजवण्यापासून रंग चढेपर्यंत

मेंदीच्या बहुतेक कृती कोरडी हवा गृहीत धरून लिहिलेल्या असतात. कोल्हापुरात त्या एप्रिल-मेमध्ये जमून जातात आणि श्रावणात, म्हणजे नेमक्या नागपंचमीला, दगा देतात. पावसाळी हवेत साखर ओलावा ओढते, काढलेली मेंदी वाळायचं नाव घेत नाही आणि तासाभरात नाजूक वेलाचा चिखल होतो. म्हणून खालची मापं ऋतूप्रमाणे बदलायची आहेत.

आधी पावडर. केसांची मेंदी हाताला चालत नाही. ती जाडी असते, तिच्यात पानांच्या शिरा राहतात आणि बऱ्याचदा शिकेकाई-आवळाही मिसळलेला असतो. हाताची पावडर कापडातून गाळलेली, मैद्यासारखी बारीक हवी. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी नावाजलेली आहे, २०२१ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाकिटावरच्या 'सोजत' या शब्दापेक्षा पीक कोणत्या वर्षाचं आहे ते विचारा. उघड्यावर, उन्हात लटकवलेली वर्षभर जुनी पावडर फिकाच रंग देणार. चांगल्या पावडरीला वाळल्या गवताचा वास येतो आणि तिचा रंग मातकट हिरवा असतो. पोपटी, डोळ्यांत भरणारा हिरवा दिसला तर वरून रंग घातल्याची शंका घ्या. वाळूची भेसळ ओळखायला चमचाभर पावडर पेलाभर पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. तळाशी करकरीत थर बसला तर ती पावडर कोनाचं तोंड बुजवणारच.

१०० ग्रॅम पावडरीला ३० मिलि तेल आणि एकूण २५० ते २८० मिलि लिंबूरस व पाणी लागतं. रस आणि पाणी निम्मं निम्मं घ्या. नुसत्या लिंबाच्या रसानं नाजूक कातडी कोरडी पडते. रस गाळून घ्या, गराचा एक धागाही कोन अडवतो. साखर उन्हाळ्यात ३० ग्रॅम, थंडीत २५ आणि जून ते सप्टेंबर १५ ग्रॅम, त्यावर नाही. साखरेचा रंगाशी संबंध नाही. ती मेंदीला लवचीक ठेवते आणि कातडीला धरून ठेवते, एवढंच तिचं काम. गुळाच्या गावात राहून साखर वापरा म्हणणं जिवावर येतं, पण गूळ साखरेपेक्षा लवकर पाणी धरतो आणि त्यातले चिपाडाचे बारीक कण टोकात अडकतात. गूळ पोळीत राहू द्या.

तेल म्हणजे खोबरेल नव्हे. निलगिरी, टी ट्री किंवा लॅव्हेंडरचं सुगंधी तेल, तेही शुद्ध. पातळ करून विकलेलं तेल ३० मिलि घातलं तरी फरक पडत नाही. या तेलांनी रंग कातडीत खोल उतरतो आणि गडद होतो. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी निलगिरी वगळा. लॅव्हेंडर निम्म्या मापानं घाला किंवा तेल घालूच नका. लवंगेच्या तेलानं बऱ्याच जणींचे हात चुरचुरतात, तेही टाळा. चहाचा काढा, कात, चिंच, कॉफी हे सगळं घरोघरी घालतात. त्यानं फार बिघडत नाही आणि फार साधतही नाही. लोखंडी कढई मात्र केसांच्या मेंदीपुरतीच ठेवा. इथं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या.

भिजवताना पावडर आणि साखर कोरडीच एकत्र करा, तेल घाला आणि साधारण २०० मिलि रस-पाणी थोडं थोडं ओतत घोटा. चमचा उभा राहील इतकं घट्ट ठेवा. सगळं पाणी एकदम ओतलं की गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. वरून प्लॅस्टिकचा कागद लगद्याला अगदी चिकटवून दाबा, हवा राहू देऊ नका.

आता वाट बघायची. पानातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य या आंबट ओलाव्यात हळूहळू सुटं होतं. किती वेळ लागेल ते घड्याळावर कमी आणि उबेवर जास्त अवलंबून असतं. मे महिन्यात ३५ अंशांच्या आसपास ८ ते १० तास पुरतात. पावसाळ्यात १८ ते २४ तास धरा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत भांडं, इडलीचं पीठ उबेला ठेवता तिथं ठेवा, तरी दिवसभर लागेल. रंग सुटला की वरचा थर तपकिरी होतो, खरवडलं तर आत हिरवाच असतो. खात्री हवी असेल तर तळहातावर वाटाण्याएवढा लगदा पाच मिनिटं ठेवून पुसा. स्पष्ट केशरी डाग उठला तर मेंदी तयार आहे. नुसती पिवळट झाक आली तर अजून दोन-तीन तास थांबा. उन्हाळ्यात इथंच चूक होते: रात्री भिजवलेली मेंदी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गच्चीलगतच्या खोलीत राहते आणि ऐन कामाच्या वेळी तिचा जोर उतरलेला असतो. सकाळी रंग सुटलेला दिसला की थेट फ्रिजमध्ये टाका.

मग उरलेलं रस-पाणी चमच्याचमच्यानं घालून पातळ करा. चमच्यातून पडताना धार तुटू नये आणि पडलेली धार दोन-तीन सेकंद पृष्ठभागावर दिसत राहावी. पावसाळ्यात याहून किंचित घट्ट ठेवा. सगळं नायलॉनच्या बारीक पायमोज्यातून पिळून गाळा. हे काम किचकट वाटतं, पण कोनात अडकलेल्या कणांपायी टाचणी घेऊन बसण्यापेक्षा बरं.

कोनासाठी सेलोफेन किंवा फुलवाल्याकडचा जाडसर पारदर्शक कागद घ्या. दुधाची पिशवी फार मऊ असते, टोक धरत नाही. सहा बाय साडेसात इंचाचा तुकडा कापा. लांब बाजूच्या मध्यावर बोट ठेवा, तिथंच टोक येईल. एक कोपरा आत वळवून दुसरा त्यावर घट्ट गुंडाळा आणि टोकापर्यंत चिकटपट्टी लावा. टोकात साध्या टाचणीचं अणकुचीदार टोक जेमतेम शिरेल एवढंच भोक हवं. दोन तृतीयांश भरा, वरचं तोंड दोनदा मुडपून चिकटपट्टीनं बंद करा. गच्च भरलेला कोन मागून फुटतो, आणि तो नेमका साडीवर फुटतो. १०० ग्रॅम पावडरीत २५-३० ग्रॅमचे तेरा ते पंधरा कोन होतात. नवरीच्या कोपरापर्यंतच्या दोन्ही हातांना आणि पावलांना सहा ते आठ कोन धरा.

काढताना

हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम, तेल काही नको. वॅक्सिंग आणि स्क्रब आदल्या दिवशीच उरकून घ्या. मेंदीनंतर केलं तर रंगलेला थरच निघून जातो.

टोक कातडीला टेकवू नका. दोन-तीन मिलिमीटर वर धरा, दोऱ्यासारखी धार सोडा आणि ती हव्या त्या जागी अलगद ठेवत जा. टोक टेकवून ओढलं की रेष चपटी होते, लवकर वाळते आणि फिकी राहते. दाब अंगठ्यानं कोनाच्या वरच्या टोकाकडून द्या, मधून नको. आधी मोठे आकार मांडा: मधला गोल, कोयरी, कमळ. मग वेल, पानं, जाळी, शेवटी बारीक ठिपके. बोटांची टोकं भरीव रंगवायची असतील तर ती अगदी शेवटी, नाहीतर तीच आधी पुसटतात. चुकलं तर ओल्या इअरबडनं लगेच उचला. अर्ध्या मिनिटानं पुसलं तर केशरी डाग मागे उरतोच; तिथं एखादं पान वाढवून झाकावं.

नवरीचं मनगट भरण्याआधी चुडा लक्षात घ्या. हिरव्या बांगड्यांखाली चार बोटं जागा झाकली जाणार, तिथं तासभर जाळी विणण्यात अर्थ नाही. शिवाय बांगड्या भरताना कासार हाताला साबण-पाणी लावतो. मेंदीनंतर चोवीस तासांच्या आत चुडा भरला तर मनगटाचा रंग गेलाच. म्हणून मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी, मग चुडा, मग हळद. हळदीनंतर हात घासून धुऊ नका, हळद तेलानं टिपून काढा.

मेंदी सुकून तिची चकाकी गेली, पण अजून तडकली नाही, तेव्हा दोन चमचे लिंबूरसात एक चमचा साखर विरघळवून कापसानं टिपा. ओघळेल इतकं लावू नका. उन्हाळ्यात दोन-तीनदा, पावसाळ्यात एकदाच आणि तेही जेमतेम. पावसाळ्यात पंख्याखाली बसा, हातावर प्लॅस्टिक गुंडाळू नका. घामानं नक्षी फुटते. झोपायचं असेल तर कागदी चिकटपट्टी किंवा टिश्यू गुंडाळून वर जुना सुती मोजा घाला.

सहा ते आठ तास ठेवा. लवंगांची धुरी द्यायची तर सात-आठ लवंगा तव्यावर मंद आचेवर टाका आणि हात फूटभर वर धरा. खरं काम उबेचं आहे, लवंगेचा मान मोठा. नागपंचमीसाठी हे आदल्या रात्रीच उरका, पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत.

मेंदी धुऊ नका. बोथट सुरीच्या पाठीनं किंवा तळहात एकमेकांवर चोळून खरवडा. चिकटून राहिली तर खोबरेल लावा. पुढचे बारा तास, जमलं तर चोवीस, पाणी टाळा. भांडी घासायची सुट्टी हक्कानं मागावी. खरवडल्यावर रंग भोपळ्यासारखा केशरी दिसतो. घाबरू नका, हवा लागून तो ४८ तासांत काळपट लाल होतो. तळहात-तळपायाची कातडी जाड असते, तिथं रंग सर्वांत गडद येतो. हाताच्या पाठीवर तो फिकाच राहणार, त्याला मेंदीवाली जबाबदार नाही.

बिघडलं तर

दोन दिवसांनीही केशरीच राहिला असेल तर पावडर जुनी, रंग सुटण्याआधी लावलेली किंवा तीन तासांत धुतलेली, या तिन्हींपैकी काहीतरी. वाळताच पापडी होऊन गळली तर साखर कमी पडली. रेषा पसरल्या तर साखर किंवा पाणी जास्त झालं. कोन उघडून त्यात चमचाभर पावडर घालायचा मोह होतो, पण ती कोरडी पावडर रंग सोडत नाही आणि टोकही बुजवते. त्यापेक्षा लगदा पसरट ताटलीत काढून पंख्याखाली तासभर ठेवा.

खाज, फोड, आग याला 'मेंदी गरम पडली' म्हणून सोडून देऊ नका. तासाभरात काळाभोर रंग देणाऱ्या 'काळ्या मेंदी'त केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन असतं. त्यानं पुरळ, फोड येतात, कधी डाग कायमचे राहतात, आणि पुढे आयुष्यभर केसांचा डाय लावला तरी अॅलर्जी उठू शकते. खरी मेंदी काळी नसते आणि तासाभरात रंगतही नाही. महिनोन्‌महिने दुकानात बाहेर लटकलेला, रॉकेलचा भपकारा येणारा कोनही घेऊ नका. ताजा लगदा बाहेर दोन दिवसांवर टिकत नाही. घरच्या मेंदीचीही आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला टिकलीएवढी चाचणी घ्या. तान्ह्या बाळांना मेंदी लावू नका, आणि जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची (विकराची) कमतरता असलेल्या कोणालाही नको. अशा लोकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी लॉसोनमुळे फुटू शकतात.

उरलेले कोन हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये टाका, चार-सहा महिने चालतात. काढल्यावर तासभर बाहेर ठेवा, मऊ झाले की लगेच वापरा आणि उरलेलं पुन्हा गोठवू नका.