सेल्फ लॉकिंग नटाचा क्वालिफिकेशन रिपोर्ट तपासताना या चुका टाळा

मंडळी, वाळूजला गाड्यांच्या पार्टवर हात बसलेला माणूस विमानाच्या सेल्फ लॉकिंग नटाचा (आट्यांवर स्वतःची पकड ठेवून सैल न होणारा नट) क्वालिफिकेशन रिपोर्ट, म्हणजे नट वापरायच्या लायक आहे का हे ठरवणाऱ्या टेस्टचा रिपोर्ट, पहिल्यांदा हातात घेतो तेव्हा सरळ शेवटचं पान उघडतो, तिथं पास लिहिलेलं दिसलं की सही करून मोकळा. मी पण हेच केलंय म्हणून सांगायलोय. नट पास होत नसतो, एक नट आणि एक बोल्ट अशी जोडी पास होत असते, आणि रिपोर्ट बघताना ती जोडी कोणती होती, आकडा कसा मोजला, हे बघितलं नाही तर बघून न बघितल्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त गडबड ब्रेकअवे या शब्दात होते. ऑटोत आपण आवळलेला जॉइंट उघडताना लागणाऱ्या टॉर्कला, म्हणजे फिरवायच्या जोराला, ब्रेकअवे म्हणतो, इथं तसं नाही. इथं नट आवळून झाल्यावर आधी ताण पूर्ण उतरवायचा, नट खाली टेकलेला नको, बोल्टवर काही लोड नको, पण लॉकिंगचा भाग मात्र बोल्टच्या आट्यांवर पूर्ण बसलेला पाहिजे, आणि अशा थांबलेल्या नटाला उलटं हलवायला जेवढा टॉर्क लागतो तो ब्रेकअवे. म्हणजे वरच्या दाबलेल्या तोंडाची नाहीतर नायलॉन रिंगची स्वतःची पकड. पाव इंची, इंचाला २८ आट्यांच्या नटाला एनएएसएम २५०२७ या विमानाच्या नटांच्या स्टँडर्डप्रमाणे ही पकड कमीत कमी ३.५ इंच पाउंड पाहिजे, आणि लॉकिंग टॉर्क, म्हणजे लोड नसताना नट लावताना-काढताना लागणारा टॉर्क, जास्तीत जास्त ३० इंच पाउंड. आपल्या भाषेत साधारण ०.४ आणि ३.४ न्यूटन मीटर. आता एखाद्या रिपोर्टमधी ब्रेकअवेच्या रकान्यात ४-५ न्यूटन मीटर दिसले तर खुश होऊ नका, त्या पोरानं आवळलेला नट उघडतानाचा आकडा लिहिलाय, पकड मोजलीच नाही.

मघाचा ०.४ पण जरा जपून. ३.५ इंच पाउंड म्हणजे खरं तर ०.३९५ न्यूटन मीटर. समजा रीडिंग ३.४ इंच पाउंड आलं, ते झालं ०.३८४, लॅबच्या शीटमधी एकच दशांश ठेवलेला असला की तेच ०.४ दिसतं आणि फेल झालेला नट पास होऊन बसतो. म्हणून मूळ युनिटमधलं रीडिंग मागा, बदललेलं नको. त्याच्यासोबत टॉर्क मीटरची रेंज पण विचारा, कारण ० ते २० न्यूटन मीटरच्या मीटरवर ०.४ मोजणं म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं. कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट रिपोर्टच्या तारखेला नाही, टेस्टच्या दिवशी चालू होतं का ते बघायचं.

सरासरीनं तर मला स्वतःला फसवलंय. रूम टेम्परेचरला एक नट १५ वेळा लावायचा आणि काढायचा असतो, रिपोर्टमधी पाच नटांच्या ब्रेकअवेची सरासरी ०.६ न्यूटन मीटर दिली होती, मी सही केली, नंतर मूळ रीडिंग मागवले तर एका नटाचं पंधराव्या वेळचं ०.३६ निघालं. त्या दिवशी झोप नाही लागली, नट कुठं लागणार हे माहीत होतं ना. तेव्हापासून प्रत्येक नटाचे पंधराचे पंधरा आकडे एका ओळीत लावून बघतो. पहिल्या वेळी आकडा मोठा, मग हळूहळू उतरत जातो, हे बरोबर आहे, तोंड बसत जातं. पण आठव्या-नवव्या वेळेनंतर आकडा परत चढायला लागला, तर लिमिटच्या आत असला तरी थांबा, आटे एकमेकांना चावायलेत, लुब्रिकंट संपलंय. आणि पंधराही आकडे सारखेच, ०.८, ०.८, ०.८ असे असतील तर मला तरी विश्वास बसत नाही.

बोल्टकडं तर कोणी बघतच नाही. आटे टॉलरन्सच्या खालच्या टोकाला असलेल्या बोल्टवर नटाची पकड सगळ्यात कमी येते, वरच्या टोकाला असलेल्या बोल्टवर लॉकिंग टॉर्क सगळ्यात जास्त, मग सगळे टेस्ट बोल्ट मधल्या मापाचे वापरले तर दोन्ही बाजूचं काहीच कळत नाही. बोल्टचा पिच डायमीटर (आट्यांच्या मधल्या उंचीवरचा व्यास), प्लेटिंग, लुब्रिकंट आणि कोणत्या नटाला कोणता बोल्ट, हे लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट परत पाठवा. एकच बोल्ट चार नटांना फिरवला की आटे घासून गुळगुळीत होतात आणि आकडे आपोआप खाली येतात.

प्लेटिंगवरून आठवलं. कॅडमियमवाला नट २३२ डिग्री सेल्सिअसपर्यंत चालतो, चांदीचा मुलामा दिलेला ४२५ च्या आसपास, नायलॉनवाला १२१. आता चांदीवाला नट गरम करून टेस्ट करताना जर बोल्ट कॅडमियमचा लावला, तर कॅडमियम ३२१ लाच वितळतं आणि वितळलेलं कॅडमियम ताणाखालच्या स्टीलला तडे पाडतं. मग बोल्ट तुटला तरी लोक नटाला दोष देतात.

नट गरम करून टेस्ट करतात त्या भट्टीचा तापमानाचा चार्ट बघताना तर आपल्या भागातल्या माणसानं जास्तच डोळे उघडे ठेवावेत. लाईट गेली, जनरेटर चालू व्हायला वेळ लागला, चार्टवर खड्डा पडला, आणि तास मात्र भट्टी चालू केल्यापासून मोजले. पार्ट ठरलेल्या तापमानाला पोचल्यापासून मोजायचे, आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या हवेत नाही, पार्टला चिकटलेलं पाहिजे.

व्हायब्रेशन टेस्टचं, म्हणजे नट-बोल्ट जोडी हादरवून बघायच्या टेस्टचं, एक सोपं गणित सांगतो. ३०,००० सायकल, मिनिटाला १७५० ते १८००, म्हणजे एक नट साधारण १७ मिनिटं. रिपोर्टमधी सुरुवात ११:१० आणि शेवट ११:२० लिहिलं असेल तर पुढं वाचायचीच गरज नाही. नट ३६० डिग्रीपेक्षा जास्त फिरला तर फेल, म्हणून आधी मारलेली रंगाची खूण आणि नंतरचा फोटो दोन्ही मागा, आणि तडा भिंगाखाली बघितला का ते विचारा. फिक्स्चरचा खाचा झिजला असला की झटका वेगळाच बसतो, त्याचं माप कधी घेतलं हेही विचारा.

शेवटचं, परत केलेली टेस्ट. एक नट फेल झाला, बोल्ट खराब होता असं लिहून दुसरा नट घेतला आणि पास दाखवला, हे लई ठिकाणी चालतं. बोल्ट खराब होता तर मापाचा कागद दाखवा, नाहीतर तो फेल मोजा. मी आता लॅबला आधीच सांगून ठेवतो की फेल झालेला नट बोल्टवरून उतरवू नका, तसाच जोडीनं पिशवीत घालून नंबर टाकून पाठवा, आटे कुठं चावले ते कापून बघितल्यावरच कळतं आणि नट उतरवला की तो पुरावा घासून जातो.