हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला एकदम पोटभर घालू नका

सिंहगड रोडवरून उचललेल्या किंवा निवाऱ्यातून दत्तक घेतलेल्या कुत्र्याच्या बरगड्या मोजता येत असतील, तर भांडं काठोकाठ भरायचा मोह आवरा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातले क्षार बिघडतात आणि जिवावर बेतू शकतं. अगदी सांगाडाच झाला असेल तर आधी डॉक्टर, मग जेवण.

सुरुवातीला थोडं थोडं, दिवसातून चार वेळा द्या: हाडं काढलेलं, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, मऊ भात, चमचाभर शिजवलेला लाल भोपळा. शी घट्ट होत असेल तरच प्रमाण वाढवा. दूध-बिस्किटं नकोत, अनेकांना दुधाने जुलाब लागतात. कांदा-लसणाचा रस्सा तर थेंबभरही नको, बिचाऱ्याला तो विषारीच.

चिकन-भात कायमचा नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं. पोट स्थिरावलं की आठवडाभरात हळूहळू कुत्र्यांच्या तयार खाद्यावर आणा.

खाऊनही अंग धरत नसेल तर शी आणि रक्त तपासून घ्या. जंत असतात, आणि गोचीडताप पुण्यात नेहमीचाच. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडी रोज बघा. वजनासाठी त्याला उचलून काट्यावर उभे राहा, आपलं वजन वजा करा.