फ्लाय बांधायला शिकताय? आधी मासा ठरवा, मग बाजारात जा

गरवायला जाणाऱ्या माणसाला स्वतः फ्लाय बांधायची हुक्की आली, की तो पहिल्यांदा सामान घेत सुटतो. मीही तेच केलं. ऑनलाइन मागवलेल्या तयार संचात सतरा रंगांची पिसं आली. त्यातली बारा अजून पाकिटातच आहेत, आणि गुलाबी पिसाचा रंग पहिल्याच बुडीत पाण्याला लागला.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेलं खोटं आमिष. नावाला माशी, पण सोंग कशाचंही: किड्याचं, कोळंबीचं, बोयच्या पिल्लाचं. म्हणून पहिली पायरी एकच. कोणता मासा गरवायचाय ते ठरवा. व्हिडिओंमधले बरेचसे धडे थंड पाण्यातल्या ट्राउटसाठी असतात. त्यात लागणारी पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायची महागडी हॅकल (गळाभोवती गुंडाळायची कोंबड्याची पिसं) आपल्या जिताड्याच्या काही कामाची नाही. तलावातला टिलापिया की खाडीतला जिताडा-तांबोशी, एवढं ठरलं की यादी आपोआप आखूड होते.

दुसरी पायरी: फक्त दोन नमुने निवडा. तलावासाठी वूली बगर, खाडीसाठी क्लाउझर मिनो. दोन्ही अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. पहिला रसेल ब्लेसिंग यांनी १९६७ मध्ये बांधला, दुसरा बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये. दोन्ही बांधायला सोपे आहेत आणि थोडे ओबडधोबड झाले तरी मासा रागावत नाही. एका नमुन्याचे दहा नग बांधून होईपर्यंत तिसऱ्याचं सामान घ्यायचं नाही.

आता गळ. इथे कंजुषी नको. आकड्यांचा हिशेब उलटा असतो: ८ नंबरचा गळ ४ पेक्षा लहान. पण १/० पासून पुढे आकडा वाढेल तसा गळही मोठा होतो. वूली बगरला लांब दांड्याचा ८ नंबर घ्या, जिताड्याच्या क्लाउझरला १/०. खाडीसाठी स्टेनलेस किंवा कलई केलेलाच हवा, साधा तांबूस गळ खाऱ्या पाण्यात टिकत नाही. दुकानातच टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून बघा. रुतलं तर घ्या, घसरलं तर ठेवा. गळाचा डोळा, म्हणजे दोरी बांधायचं भोक, नीट मिटलाय ना तेही बघा, फट राहिली तर दोरी कापली जाते.

दोऱ्याबाबतही तेच. शिलाईच्या रिळातला दोरा जाड आणि पीळदार असतो. त्याचे चार वेढे दिले की फ्लायचं डोकं वाटाण्याएवढं होतं. फ्लायसाठीचा १४० डेनियरचा (डेनियर हे दोऱ्याच्या जाडीचं माप), सपाट बसणारा दोरा एक काळा आणि एक पांढरा घ्या. ७० डेनियर नंतर. नवख्या हाताने तो तुटत राहतो आणि चिडचिड होते.

गळ आणि दोरा बाहेरून आणलात, की बाकीचं बरंचसं मुंबईतच मिळतं.

वूली बगरच्या शेपटीला माराबू लागतं. हे नाव एका करकोच्याचं, पण आज विकलं जातं ते टर्कीचं मऊ पीस. घेण्याआधी शक्य असेल तर एक पीस फुलपात्रातल्या पाण्यात बुडवून हळू हलवा. चांगलं माराबू आधी दोऱ्यासारखं चिकटतं, मग थांबल्यावर फुलतं, जणू श्वास घेतंय. झाडणीतलं पीस हलवलं तरी काडीसारखं ताठ राहतं. ते परत करा.

अंगावर गुंडाळायची हॅकल या नमुन्याला मऊच हवी. कोंबडीवाल्याकडे गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं मागा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग पिशवीभर फुकट देईल. ब्रॉयलरची नकोत. तो पाच-सहा आठवड्यांतच कापला जातो, मानेची लांब पिसं यायला वेळच मिळत नाही. पिसाचे तंतू गळाच्या टोक आणि दांड्यामधल्या अंतराच्या दीडपट ते दुप्पट भरले की माप बरोबर. आणलेली पिसं शाम्पूने धुवा, सावलीत वाळवा, घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे कसर मरते. आमच्याकडे ती बोंबलांच्या शेजारी होती. त्यावर घरात काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

अंगाला शेनिल (मखमली लव असलेला धागा) नसेल तर पातळ लोकर चालते. वरून गुंडाळायला लोहार चाळीच्या बाजूला मोटर वाइंडिंगची बारीक तांब्याची तार मिळते. चमक हवी तर भुलेश्वरला जरीच्या दुकानात बादला, म्हणजे चपटी चमकती तार, मागा, मात्र प्लॅस्टिकचा, धातूचा काळा पडतो. क्लाउझरच्या मूळ कृतीत हरणाच्या शेपटीचे केस आणि डंबेलच्या आकाराचे जड धातूचे डोळे असतात. आपण केसांऐवजी बकरीचे केस किंवा लांब धाग्याचं फर कापड पाव मीटर घ्यायचं. फर बुडाशी कापून जुन्या कंगव्याने विंचरा. आतली बारीक लव निघून गेली की उरलेले लांब तंतू पाण्यात लवचीक चालतात. डोळ्यांसाठी किल्ल्यांच्या कीचेनची गोळ्यांची साखळी दोन-दोन गोळ्यांत कापा. ती डंबेलपेक्षा हलकी असते, त्यामुळे उथळ पाण्यात उलट बरी. शेवटच्या गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थेंब.

मोरपिसाचे तंतू अंगाला सुरेख दिसतात, पण ठिसूळ असतात, तारेबरोबर पिळूनच गुंडाळा. आपोआप गळलेली मोरपिसं देशात विकायला मुभा आहे, परदेशी पाठवायला नाही. राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं जुन्या साल्मन फ्लायमध्ये प्रसिद्ध आहेत. सह्याद्रीत तो दिसतोही. पण तो वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कुणी पिसं आणून देतो म्हणालं तरी हात जोडा.

ठेवायचं कसं, हा मुंबईत वेगळाच प्रश्न. पावसाळ्यात पिसांना बुरशी धरते, म्हणून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. गळ आणि पिसं वेगळ्या डब्यात. खाडीवरून आल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात बुचकळून रात्रभर पंख्याखाली ठेवा. मी एकदा साध्या गळांवर बांधलेल्या सहा क्लाउझर ओल्याच डबीत मिटून झोपलो होतो. तिसऱ्या दिवशी डबी उघडली, तर पांढऱ्या केसांवर गळाच्या आकाराचे सहा तांबडे डाग.