कॉम्प्युटर सुरू होत नाही? तालुक्याला न्यायच्या आधी हे करून बघा

खेड्यात एक कॉम्प्युटर बंद पडला की त्याच्यासोबत अर्ध्या गावाची कामं थांबतात. कुणाला सातबारा हवा असतो, कुणाला पीक विम्याचा अर्ज भरायचा असतो, एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख जवळ आलेली असते. म्हणून कॅबिनेट उचलून तालुक्याची वाट धरण्याआधी तास-दोन तास घरीच द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. बरेचदा बिघाड भिंतीवरच्या बोर्डात, वायरीत किंवा रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीच्या, खाचेत असतो आणि तो काढायला स्क्रू ड्रायव्हर, खोडरबर आणि थोडा धीर पुरतो.

आधी कॉम्प्युटर नेमका कुठे अडतो ते ठरवा. बटण दाबून काहीच होत नाही, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी राहते, किंवा कंपनीचं नाव दिसतं आणि पुढे विंडोज येत नाही, ही तीन वेगळी दुखणी आहेत. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम हलवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

काहीच हालचाल नसेल तर

सुरुवात भिंतीपासून करा. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग यूपीएस बाजूला काढून कॉम्प्युटर थेट बोर्डाला जोडा. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्याच्या उकाड्याने लवकर बसते आणि बसलेला यूपीएस बरेचदा पुढे वीजच सोडत नाही. मॉनिटरची आणि कॅबिनेटची पॉवर केबल बहुधा सारखीच असते, त्यांची अदलाबदल करून बघा.

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. डीपीपासून लांबच्या घरात, ओलिताच्या मोटारी सुरू असताना तो बराच खाली जातो. बल्ब मिणमिणत असेल, कूलर रेंगाळत फिरत असेल, तर कॉम्प्युटरला दोष देऊ नका. रात्री उशिरा, लोड कमी झाल्यावर पुन्हा बटण दाबा. तेव्हा सुरू झाला तर गरज स्टॅबिलायझरची आहे, दुरुस्तीची नाही.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि मग फक्त चार्जर लावून सुरू करा. आत अडकलेला चार्ज निघून गेल्यावर बरेच लॅपटॉप उठतात.

डेस्कटॉपचं झाकण उघडण्याआधी केबल काढा, पॉवर बटण एकदा दाबा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. मग आधी वायरी तपासा. उंदीर पॉवर बटणाच्या बारीक वायरी कुरतडतात आणि बाहेरून काही कळत नाही. त्या तुटलेल्या दिसल्या तर मदरबोर्डवर (आतल्या मुख्य पाटीवर) पॉवर एसडब्ल्यू लिहिलेल्या दोन पिनांवरचा प्लग काढा, केबल पुन्हा लावा आणि त्या दोनच पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. कॉम्प्युटर सुरू झाला तर फक्त बटणाची वायर गेली आहे.

तरीही शांतता असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, तपासा. मेन बंद करा, मदरबोर्डचा २४ पिनांचा मोठा प्लग काढा, त्यातली हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा, मग मेन चालू करा. एसएमपीएसचा पंखा फिरला नाही तर एसएमपीएस गेला. फिरला तरी तो पूर्ण निरोगी असल्याची खात्री नाही, पण निदान जिवंत आहे. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब काही वेळ टिकून असतो.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी

मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच लागते, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

यानंतर रॅम. माझ्या मते आपल्या भागात सर्वात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. कपाशीच्या हंगामात हवेत तंतू आणि धूळ असते, उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर चालतो, आणि ती दमट हवा धूळ रॅमच्या खाचेत चिकटवते. लागोपाठ बीप वाजत असेल तर संशय पहिला रॅमवरच घ्यावा. पॉवर केबल काढून, दोन्ही बाजूंच्या क्लिपा दाबून रॅम काढा, तिचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा झटका. खाच कोरड्या मऊ ब्रशने साफ करा, ओलं फडकं लावू नका. रॅम परत बसवताना क्लिप टक्क आवाज करून लागेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा, मग खाच बदलून बघा.

झाकण उघडंच आहे तर प्रोसेसरवरचा पंखाही बघा. तो जाम असेल किंवा खालच्या जाळीत धुळीचा थर असेल, तर कॉम्प्युटर सुरू होतो आणि थोड्या वेळात आपोआप बंद पडतो. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांवर गेला की हे हमखास होतं. पंख्याचं पातं बोटाने धरून धूळ उडवा. आणि कूलरचा झोत कॅबिनेटवर येणार नाही अशी जागा निवडा.

तारीख जुनी दाखवतो

सुरू होताना एफ वन दाबायला सांगतो, तारीख कित्येक वर्षं मागची दिसते, वेबसाइट सुरक्षित नसल्याचा इशारा येतो. ही सगळी मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपल्याची लक्षणं आहेत. सीआर २०३२ हा तिचा नंबर, ३ व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. ती संपली की बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रामच्या, सेटिंग्ज मूळपदावर जाऊ शकतात आणि कधीकधी विंडोज असलेली डिस्क सापडेनाशी होते. बॅटरी बदला, मग सुरू होताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा, तारीख भरा आणि बूटच्या यादीत आपली डिस्क वर आणा.

विंडोजपाशी अडतो

बूट होणारं काहीच सापडत नाही असा संदेश आला तर आधी लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा. मग डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल दोन्हीकडून काढून लावा.

विंडोजचं चिन्ह येऊन गोल फिरत राहिलं, तर चिन्ह दिसताच पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोनदा केलं की सहसा तिसऱ्या वेळी दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूटमधून आधी स्टार्टअप रिपेअर करा, मग सेफ मोड (मोजक्याच गोष्टींसह विंडोज सुरू करणं), मग सिस्टिम रिस्टोअर (आधीच्या चांगल्या स्थितीत परत जाणं). नुकत्याच आलेल्या अपडेटनंतर बिघडला असेल तर तो अपडेट काढण्याची सोय तिथेच आहे. ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, असते आणि बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र इथेच थांबा, कॉम्प्युटर बंद करा. प्रत्येक वेळी सुरू करताना फायली आणखी हातच्या जातात.

अर्थिंग

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग सुटलेली आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो. मीठ-कोळशाच्या त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला, तरीही थांबलं नाही तर वायरमनला दाखवा. मृगाच्या तोंडावर विजा कडाडू लागल्या की पॉवरच्या प्लगसोबत इंटरनेटची केबलही काढा, वीज त्या तारेनेही आत शिरते.

दुकानात न्यावाच लागला तर

आत्तापर्यंत काय काय करून बघितलं ते कागदावर लिहून सोबत द्या, तपासणीचा वेळ वाचतो. फायली महत्त्वाच्या असतील आणि बिघाड एसएमपीएस किंवा मदरबोर्डचा वाटत असेल, तर डिस्क काढून घरीच ठेवा. बिघाड विंडोजचा असेल तर डिस्क द्यावीच लागेल. तेव्हा फॉरमॅट करण्याआधी फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवून द्या, असं स्पष्ट सांगा आणि पावतीवर तसं लिहून घ्या.