गेझा सोच यांचं चरित्र मराठीत लिहायचंय? मग आधी हे वाचा

पूर्व युरोपातल्या बंडखोर कवीवर लेख लिहायचा म्हटलं, मग तो दिवाळी अंकासाठी असो, विकिपीडियासाठी असो की आपल्या फेसबुक पेजसाठी, की बहुतेकांची गाडी एकाच रुळावरून जाते. हुकूमशाही, छळ, हद्दपारी, 1989 ला कम्युनिस्ट राजवट पडली, संपला लेख. गेझा सोच यांच्यावर तसं लिहू नका राव. हा माणूस 21 ऑगस्ट 1953 ला जन्मला आणि 5 नोव्हेंबर 2020 ला कोविडने बुडापेस्टमध्ये गेला, म्हणजे राजवट पडल्यावर आणखी 31 वर्षं जगला, आणि त्यातल्या बऱ्याच काळात तो सत्तेच्या आत नाहीतर अगदी शेजारी होता. खरी मेहनत तिथे लागते.

सुरुवात नकाशापासून करा. सोच वंशाने, भाषेने हंगेरियन पण जन्म रोमानियातला, हे वाचकाच्या डोक्यात पहिल्या परिच्छेदातच बसलं पाहिजे, नाहीतर पुढे प्रत्येक ओळीला गोंधळ होतो. ट्रान्सिल्व्हानिया पहिल्या महायुद्धाआधी हंगेरीच्या राज्यात होता, 4 जून 1920 च्या त्रियानोंच्या तहाने तो रोमानियाकडे गेला, आणि त्याबरोबर तिथली लाखो हंगेरियन माणसं घरातून न हलता दुसऱ्या देशाची झाली. 1977 च्या जनगणनेतसुद्धा रोमानियात 17 लाखांवर हंगेरियन होते. आपल्या वाचकाला इथे बेळगाव आठवणारच, आठवू द्या, एका वाक्यात उल्लेख करायलाही हरकत नाही, पण लगेच सांगा की तिकडे राज्याची नाही तर देशाची सीमा बदलली होती आणि पलीकडे तक्रार घेऊन जायला मोकळं कोर्ट किंवा मोकळा पेपर नव्हता. ड्रॅक्युला मात्र कृपा करून आणू नका, ट्रान्सिल्व्हानिया म्हटलं की हात शिवशिवतात ते कळतं मला, पण नको.

गावांच्या नावांचं काय करायचं ते लिहायला बसायच्या आधीच ठरवून टाका. जन्मगाव हंगेरियनमध्ये मरोशवाशारहेय, रोमानियनमध्ये तर्गु मुरेश. कॉलेजचं शहर कोलोझवार किंवा क्लुज. पहिल्यांदा दोन्ही द्या, नंतर एकच धरून चला, मी स्वतः आजच्या नकाशावर सापडणारं रोमानियन नाव धरतो म्हणजे वाचकाला मॅपवर शोधता येतं. हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात त्यामुळे तिकडच्या साइटवर ते ‘सोच गेझा’ असे सापडतील, आणि आडनावातल्या ‘ओ’वर दोन तिरक्या रेघा असतात, त्या शोधताना कॉपी-पेस्ट करून टाका.

बालपण आणि शिक्षण लवकर उरका. वडील इश्तवान सोच समीक्षक आणि पत्रकार, म्हणजे घरात पुस्तकं होतीच. क्लुजच्या विद्यापीठात हंगेरियन आणि रशियन शिकले, 1978 ला बाहेर पडले, पहिला कवितासंग्रह त्याआधीच 1975 ला आलेला, मग 1979-80 ला हर्डर स्कॉलरशिपवर व्हिएन्ना. एक गोष्ट मात्र टाकाच, क्लुजमध्ये हंगेरियन भाषेचं वेगळं विद्यापीठ होतं आणि 1959 ला ते रोमानियन विद्यापीठात विलीन केलं गेलं. सोच शिकले ते या विलीन झालेल्या विद्यापीठात. अल्पसंख्याकांची जागा कशी कमी कमी होत गेली हे या एका उदाहरणातून कळतं, वेगळं भाषण द्यायची गरज नाही.

आता जिथे थांबायचं ती जागा. 1981 च्या शेवटी ‘एलेनपोन्तोक’ नावाचं गुप्त नियतकालिक निघालं. टाइप करायचं, स्टेन्सिलवर छापायचं आणि हातोहात पोचवायचं, सेन्सॉरला बाजूला ठेवून. याच्यामागे मुख्य चौघं होती, सोच, अत्तिला अरा-कोवाच, कारोय अंताल तोत आणि त्यांची पत्नी इलोना तोत. चौघांची नावं लिहा. नायक एकटा दिसावा म्हणून बाकीच्यांना ‘आणि सहकारी’ करून टाकायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि इथे तर ती चूक पुढे महागात पडते, का ते खाली सांगतो.

या नियतकालिकाच्या आठव्या अंकाला जास्त जागा द्या. तेव्हा माद्रिदमध्ये हेलसिंकी कराराची आढावा परिषद चालू होती, 1975 च्या त्या करारावर रोमानियाचीही सही होती आणि त्यात मानवी हक्क पाळायचं कबूल केलेलं. तर या लोकांनी 1982 ला त्या परिषदेला उद्देशून निवेदन तयार केलं, हंगेरियन अल्पसंख्याकांचे हक्क, मागण्या, सगळं. म्हणजे नुसती कविता लिहून उसासे टाकणं नाही, सरकारने स्वतः सही केलेला कागद सरकारपुढे धरणं. नोव्हेंबर 1982 मध्ये सेक्युरिटाते म्हणजे तिथली गुप्त पोलीस यंत्रणा घरोघरी पोचली, झडत्या, अटक, चौकशा. आणि पुढच्याच वर्षी, मार्च 1983 ला, टाइपरायटर ठेवायचा तर पोलिसांकडे नोंद करायची आणि मशीनच्या अक्षरांचा नमुना द्यायचा असा हुकूम निघाला. तो फक्त या चौघांमुळे निघाला असं लिहू नका, पण काळ कसा होता हे दाखवायला त्या हुकुमाइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

अरा-कोवाच 1983 ला हंगेरीत गेले, तोत नवरा-बायको पुढे स्वीडनला, सोच 1986 ला जिनिव्हाला. यातलं कोणी खुशीने गेलं नाही. 1989-90 मध्ये सोच रेडिओ फ्री युरोपच्या, म्हणजे कम्युनिस्ट देशांत बातम्या पोचवणाऱ्या अमेरिकी पैशावरच्या रेडिओच्या, बुडापेस्ट ऑफिसचे प्रमुख होते.

डिसेंबर 1989 ला रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कु पडला आणि 25 तारखेला त्याला गोळ्या घातल्या गेल्या, त्याच दिवशी रोमानियातल्या हंगेरियनांचा पक्ष, युडीएमआर, स्थापन झाला. सोच 1990 ला परत आले. इथे घाईघाईत ‘लोकशाही आली’ लिहून मोकळं होऊ नका, कारण मार्च 1990 मध्ये त्यांच्याच जन्मगावात, तर्गु मुरेशमध्ये, रोमानियन आणि हंगेरियन लोकांत रक्तरंजित दंगल झाली, माणसं मेली. दोनच महिन्यांनी 20 मे ला निवडणूक, आणि त्यात या अल्पसंख्याकांच्या पक्षाला 7 टक्क्यांवर मतं मिळून तो देशात दुसऱ्या नंबरवर आला. पहिला पक्ष इतका पुढे होता की दुसरा नंबर एवढ्यावर मिळाला, हेही सांगा, नाहीतर वाचकाला भलताच विजय वाटेल. सोच 1992 पर्यंत सिनेटर होते आणि पक्षाचे सरचिटणीसही झाले.

आता लेखातला सगळ्यात अवघड भाग. 2010 ला हंगेरीत व्हिक्टर ओर्बान पुन्हा सत्तेत आले आणि सोच त्यांच्या सरकारात संस्कृती खात्याचे राज्य सचिव (उपमंत्र्यासारखं पद) झाले, 2012 पर्यंत. 2011 पासून शेवटपर्यंत ते हंगेरियन पेन क्लबचे अध्यक्षही होते, म्हणजे लेखकांच्या स्वातंत्र्यासाठी असलेल्या जागतिक संघटनेची तिथली शाखा. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर. याच पेन क्लबने 50,000 युरोचा यानुस पानोनियुस कविता पुरस्कार सुरू केला आणि 2012 ला तो अमेरिकन कवी लॉरेन्स फर्लिंगेटीला जाहीर केला. फर्लिंगेटीला कळलं की पैशात हंगेरी सरकारचाही वाटा आहे, तेव्हा त्या सरकारच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या धोरणांकडे बोट दाखवून त्याने पुरस्कार नाकारला. पुढच्या वर्षी तो इराणच्या सिमीन बेहबहानीला मिळाला, म्हणजे स्वतःच्या देशातल्या राजवटीपुढे न वाकलेल्या कवयित्रीला. दोन्ही घटना शेजारी शेजारी लिहा आणि मध्ये ‘दुर्दैवाने’, ‘सुदैवाने’ असले शब्द घालू नका.

आणि आता ते चौघांच्या नावांचं. एलेनपोन्तोकवाले अरा-कोवाच 2019 ला युरोपियन पार्लमेंटवर निवडून गेले, ते ओर्बानच्या विरोधातल्या डेमोक्रॅटिक कोअलिशन पक्षाकडून. म्हणजे एकाच स्टेन्सिलच्या शाईने हात काळे केलेले दोन मित्र 37 वर्षांनी समोरासमोरच्या बाकांवर. ‘सत्तेत जाऊन बंडखोर विकला गेला’ हे वाक्य टाइप करायचा मोह होईल, माझं मत विचाराल तर ते आळशी वाक्य आहे. ट्रान्सिल्व्हानियातल्या हंगेरियन माणसासाठी सीमेपलीकडच्या हंगेरियनांना आपलं म्हणणारं, नागरिकत्व सोपं करणारं सरकार म्हणजे काय असतं हे समजून घेतल्याशिवाय सोच यांची ती निवड कळत नाही. समजून घेतल्यावर पटेलच असं नाही, मला स्वतःला पेन क्लबचं अध्यक्षपद पटत नाही, पण लेखात आधी कारण येऊ दे, मत नंतर.

स्रोतांचं म्हणाल तर एकाच भाषेवर विसंबू नका. हंगेरियन लेख त्यांना फार उंच चढवतात किंवा पक्षाच्या चष्म्यातून झोडपतात, हंगेरीबाहेरच्या बातम्यांत बऱ्याचदा फर्लिंगेटी प्रकरणच सापडतं. बुडापेस्टच्या ओपन सोसायटी अर्काइव्हमध्ये रेडिओ फ्री युरोपचे जुने रिपोर्ट आहेत, बरेच इंग्रजीत आणि ऑनलाइन, 1982-83 साठी ते सोन्यासारखे. मशीन ट्रान्सलेशन बातमी समजण्यापुरतं चालतं, कवितेला लावलंत तर कवी आणि वाचक दोघांवर अन्याय.

कविता मराठीत आणायचीच असेल तर हंगेरियन येणारा माणूस गाठा आणि वारसांची परवानगीही घ्या, कारण भारतात लेखक गेल्यावर पुढची 60 वर्षं कॉपीराइट राहतो, यांच्या बाबतीत 2080 च्या अखेरपर्यंत. युरोपात 70 वर्षं. चार ओळी समीक्षेसाठी उद्धृत करणं वेगळं, पूर्ण कविता छापणं वेगळं. फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि काढणाऱ्याचं नाव खाली द्या.