गॅरेजमधलं छोटं सुतारकाम वर्कशॉप: या चुका टाळा

गॅरेजमध्ये सुतारकाम मांडायचं ठरलं की बहुतेक जण कागदावर चौकोन काढायला बसतात. इथे टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर येणारी करवत), तिथे ड्रिल प्रेस (उभं भोकं पाडायचं मशीन), कोपऱ्यात बँड सॉ (पट्टीसारख्या पात्याची करवत). कागदावर सगळं झकास बसतं. मग आठ बाय चारचा पहिला प्लाय आत येतो आणि तो नुसता वळवायचा तरी दोन मशिनं हलवावी लागतात. मोजली ती मशिनं. लाकूड कुठून शिरणार, कुठे वळणार आणि कुठून बाहेर पडणार, हे मोजायचं राहून गेलं.

लाकडाची वाट अडवून ठेवणं

आठ फुटी फळी टेबल सॉवर लांबीत चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ आणि पलीकडे आठ फूट मोकळं हवं. शिवाय तुम्ही उभं राहायची जागा वेगळी. एका गाडीच्या गॅरेजची जवळजवळ सगळी लांबी यातच संपते. म्हणून जागा वाचवायला सॉ भिंतीला चिकटवला तर तो फक्त तुकडे कापायच्या कामाचा उरतो. तो मधल्या रेषेवर असा ठेवा की लांब फळीचं टोक उघड्या दारातून बाहेर जाऊ शकेल. थिकनेस प्लेनरही, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची करणारं मशीन, त्याच रेषेत. ड्रिल प्रेस, ग्राइंडर वगैरे भिंतीशी खुशाल राहू द्या, त्यांना पुढे-मागे लांब वाट लागत नाही.

अख्खा प्लाय सॉवर चढवायचा हट्ट मात्र सोडाच. १८ मिमी जाडीचा पूर्ण प्लाय ३० किलोच्या आसपास भरतो आणि एकट्याने ढकलताना तो फेन्सपासून, म्हणजे सॉवरच्या आधाराच्या सरळ पट्टीपासून, सुटतो. जमिनीवर जाड फोमची शीट अंथरा, प्लाय तिच्यावर आडवा टाका आणि सरळ पट्टीच्या आधाराने सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची करवत) चालवा. पातं प्लायच्या खाली पाच-सहा मिमी उतरेल इतकंच ठेवा. तुकडे हव्या त्या मापापेक्षा सेंटीमीटरभर मोठे काढा, नेमकं माप टेबल सॉवर घ्या. काम संपलं की फोम भिंतीला टेकवून उभा. जागा वाचवणारं याहून साधं साधन मला तरी माहीत नाही.

उंचीही आधी बघून घ्या. छत आठ फुटांचं असेल तर आठ फुटी फळी उभी करून फिरवता येत नाही आणि फिरवायला गेलात तर पहिला बळी ट्यूबलाइटचा. दार वर सरकणारं असेल तर ते उघडल्यावर छताचे दिवे झाकतं, म्हणजे दार उघडून काम करायच्या वेळीच उजेड गायब. दिवे दाराच्या रुळांच्या बाहेर, दोन्ही भिंतींच्या वरच्या कडेला लावले तर हा घोळही टळतो आणि हाताची सावलीही रेषेवर पडत नाही.

सगळ्यालाच चाकं लावणं

चाकं हवीतच, पण सरसकट नकोत. गॅरेजची जमीन बहुधा दाराकडे उतरती असते, पाणी बाहेर जावं म्हणून. मीटरमागे एखाद-दोन सेंटीमीटरचा उतार डोळ्यांना दिसत नाही, पण दीड मीटरच्या टेबलाखाली तो दीड ते तीन सेंटीमीटर होतो. आज सॉ आणि त्याच्यामागचं आधाराचं टेबल एका पातळीत लावलं, उद्या दोन्ही हातभर सरकवलं की फळीचं टोक टेबलाच्या कडेला अडकलंच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक मशीनची कामाची जागा ठरवा आणि चाकं नेमकी कुठे येतात ते जमिनीवर रंगाने आखून ठेवा. मागचं टेबल सॉपेक्षा दोन-तीन मिमी खाली ठेवा, वर कधीच नको. पाणसळीत बुडबुडा मधोमध यायलाच हवा असं काही नाही. चारही पाय टेकलेले आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना समांतर, एवढं पुरे.

चाक आणि त्याचं वळणं दोन्ही एकदम जाम होतील असेच कॅस्टर, म्हणजे वळणारी चाकं, घ्या. नुसतं चाक जाम झालं तर ढकलताना टेबल बाजूला फिरतं. एका चाकावर किती वजन येईल याचा हिशेब चारने नाही, तीनने भागून करा, कारण उंचसखल जमिनीवर एक चाक हमखास अधांतरी राहतं. आणि हाताने रंधा मारायचं टेबल चाकांवर नकोच. ते भिंतीला बोल्टने पक्कं करा.

भुसा ‘नंतर बघू’ म्हणणं

प्लेनरला साधा व्हॅक्यूम जोडला की दोन फळ्यांत पाइप तुंबतो. व्हॅक्यूमची ओढ जोरदार असते, पण त्यातून हवा कमी वाहते. प्लेनरच्या ढलप्यांना भरपूर हवा आणि चार इंची पाइप लागतो. पाइपाचा व्यास निम्मा केला की वाट एक चतुर्थांश उरते. सँडर (पॉलिश पेपरने घासायचं मशीन) आणि छोट्या मशिनांना व्हॅक्यूम उत्तम, फक्त त्याच्या आधी सायक्लोनची बादली बसवा, म्हणजे हवा गोल फिरवून भुसा वाटेतच खाली पाडणारी. ओढ अचानक कमी झाली तर मोटरला दोष देण्याआधी फिल्टर काढून झटका. दहातल्या नऊ वेळा तिथेच बारीक धूळ बसलेली असते. वळ्यांचा लवचीक पाइप गरजेपेक्षा एक फूटही जास्त ठेवू नका.

हा निव्वळ साफसफाईचा प्रश्न नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली. मशीन बंद झाल्यावरही बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते, तेव्हा मास्क लगेच उतरवू नका.

कापलेली कड काळी पडते, पातं बदलूनही

पात्यावर राळ चिकटली असेल किंवा फळी फार हळू ढकलली जात असेल तरी कड जळते. छोट्या गॅरेजमध्ये आणखी दोन कारणं निघतात. एक, लांब आणि बारीक तारेचा एक्सटेन्शन. व्होल्टेज पडतं, मोटर रडत चालते आणि गरम होते. जाड तारेचा, लागेल तेवढ्याच लांबीचा घ्या. रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेली तार तापते. सॉ आणि व्हॅक्यूम एकाच सर्किटवर असतील तर एकदम सुरू करू नका. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि एमसीबी पडतो. जमलं तर वायरमनकडून वेगळी लाइनच ओढून घ्या.

दुसरं कारण म्हणजे इकडून तिकडे ढकलताना पातं आणि फेन्स यांचं जमलेलं गणित बिघडणं. प्लग काढा. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा. तो दात पुढे आणून टेबलावरच्या खाचेपासून त्याचं अंतर घ्या, मग पातं फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दोन्ही मापं सारखी आली की फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. फेन्सची मागची बाजू पात्याकडे कलली असेल तर फळी तिथे चेंगरते, जळते आणि कधी उसळून तुमच्याच अंगावर येते. पात्यामागची, चिरलेली फट मिटू न देणारी पोलादी पट्टी काढून ठेवू नका आणि उभं राहताना पात्याच्या रेषेतून थोडं बाजूला राहा. अरुंद जागेत पाठीमागे भिंत असते, मागे हटायला वाव नसतो.

भिंत भरायची घाई

खोल कपाटं सगळ्यात शेवटी करा. आधी ४५ अंशात चिरलेल्या प्लायच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेंच क्लीट, भिंतीवर ठोका. धारदार कड वर आणि भिंतीपासून दूर यायला हवी, म्हणजे मागे तशीच उलटी पट्टी लावून टांगलेली वस्तू भिंतीकडेच ओढली जाते. काही महिने काम केल्यावर कोणतं हत्यार कुठे लागतं ते कळतं, तोवर या पट्ट्यांवर टांगलेले हूक सरकवत राहा. लाकूड थेट फरशीवर रचू नका, काँक्रीटमधली ओल खालच्या फळ्यांना पीळ पाडते. आणि जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून भुशाच्या डब्यात टाकायची नाहीत. सुकताना ती स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.