शहरात समूहगानाचा गट कसा उभा करावा, आणि मुख्य म्हणजे तो टिकवावा कसा

समूहगान म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर स्टेज येतं, एकसारखे कपडे, मागे पडदा, आणि मदत करायची म्हणजे त्या कार्यक्रमाला देणगी द्यायची नाहीतर तिकीट काढायचं असं बहुतेकांना वाटतं. मी गेली नऊ वर्षं एका गटात खुर्च्या मांडण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत सगळं करते आणि दुसऱ्या ओळीत उभी राहून गाते पण, आणि माझं म्हणणं असं आहे की कार्यक्रम आपोआप होतात, जपायचा असतो तो दर आठवड्याचा सराव. तो बंद पडला की गट संपला, मग तुम्ही कितीही मोठा महोत्सव भरवा.

एस्टोनिया या युरोपातल्या छोट्या देशाचं उदाहरण घ्या. 1869 साली तार्तूमध्ये तिथला पहिला गीतमहोत्सव झाला, आता तो साधारण दर पाच वर्षांनी ताल्लिनला भरतो आणि 20-30 हजार माणसं एकत्र गातात. फोटो बघून आपण थक्क होतो, पण ते हजारो लोक त्या दिवशी उगवत नाहीत. आधी आपापल्या गावच्या गटात तीच गाणी महिनोन्महिने घोटून घेतात, तयारी तपासली जाते, मग तिकडे जातात. तेव्हा सुरुवात कुठून करायची तर खोलीपासून.

आधी खोली आणि वार

गाणी, संचालक, नाव, लोगो हे सगळं नंतर. आधी एक खोली शोधा जी तुम्हाला दर आठवड्याला त्याच वारी त्याच वेळी मिळेल. शाळेचा हॉल, वाचनालयाची वरची खोली, सोसायटीचं सभागृह, प्रार्थनास्थळाची जागा, काहीही चालेल, फक्त "या आठवड्यात नाही हो, लग्न आहे" असं होता कामा नये. आमच्या पहिल्या जागेने वर्षभरात अकरा वेळा वार बदलला आणि प्रत्येक बदलाला तीन-चार माणसं गळाली, ती परत आली नाहीत. रागावून नाही गेली, फक्त सवय मोडली.

खोली बघायला जाल तेव्हा मध्यभागी उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी लगेच मेली, म्हणजे जाड गालिचे, पडदे, सोफे असतील, तर तिथे प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच गातोय आणि लाजरी माणसं गप्प होतात. टाळी खूप वेळ घुमत राहिली तर शब्द चिखल होतात. एक-दीड सेकंद रेंगाळली की छान. बसस्टॉप किंवा स्टेशन चालत जाण्यासारखं हवं, आणि सराव शेवटच्या बसच्या बऱ्यापैकी आधी संपायला हवा. जिने असतील तर लिफ्ट आहे का, व्हीलचेअर आत येते का हेही तेव्हाच बघा, नंतर लाज वाटते.

खिडक्या उघडतात का? हे खरंच बघा. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका समूहगान गटाच्या अडीच तासांच्या सरावाला 61 जण होते, एकाला सर्दीसारखा त्रास होता, आणि पुढे त्यातले संभाव्य रुग्ण धरून 53 जण कोव्हिडने आजारी पडले, दोघं दगावले. गाताना आपण खोल श्वास घेतो आणि जोरात सोडतो, त्यामुळे कोंदट खोली बोलण्यापेक्षा गाण्याला जास्त वाईट. शिवाय हवा कोंदली की सूरही उतरतो, ते पुढे सांगते.

दारात परीक्षा नको

आमच्याकडे ऑडिशन नाही आणि मी ती कधी येऊ देणार नाही. ज्यांना चांगलं गाता येतं त्यांच्यासाठी शहरात क्लास आहेत, स्पर्धा आहेत. ज्यांना लहानपणी कोणीतरी "तू नुसते ओठ हलव" म्हणून मागच्या रांगेत ढकललं त्यांच्यासाठी काहीच नसतं, आणि अशी माणसं प्रत्येक शहरात भरपूर आहेत, विचारून बघा.

खरोखर सूर कळतच नाही अशी माणसं शंभरात जास्तीत जास्त चार, काही अभ्यासांत त्याहूनही कमी निघाली आहेत. बाकीच्यांना सवय नसते एवढंच. आमच्याकडे एक काका आले, साठीचे, सगळं गाणं एकाच खर्जातल्या सुरावर म्हणायचे, शब्द अगदी चोख पण चाल सरळ रेषेत. शेजारचे लोक वळून बघायला लागले होते. आमच्या ताईंनी, म्हणजे गट चालवतात त्या, काकांना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला जो येईल तो सूर लावा, मी त्यात येते." त्यांनी लावला, ताईंनी कीबोर्डवर तो शोधला, तोच सूर त्यांच्याबरोबर दोन मिनिटं धरला, मग हळूच एक पट्टी वर सरकल्या आणि काका त्यांच्याबरोबर सरकले. मी पाणी भरत होते, तिथेच थांबले. काकांनी डोळे उघडून विचारलं, "आत्ता हललो का मी?" दर सरावाआधी दहा मिनिटं असं चार-पाच महिने केलं. आता ते सगळी चाल धरतात, कधीमधी कणसूर होतात, पण धरतात. म्हणजे ज्याला सूर सापडत नाही त्याला "माझा सूर पकड" म्हणू नका, आधी तुम्ही त्याचा पकडा.

नवीन माणूस आला की त्याला दोन पक्क्या गाणाऱ्यांच्या मध्ये बसवा, कडेला नाही. आणि पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्याला एकट्याने गायला लावू नका.

पट्टी ठरवताना बहुतेक गट चुकतात

पट्टी म्हणजे गाण्याचा सा कोणत्या सुरावर धरायचा ते. एकटी बाई साधारण काळी चार-पाचमध्ये गाते, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी-पाचवी काळी पट्टी सा धरून, आणि पुरुष काळी एक-दोनमध्ये, सगळे एकत्र बसले की भांडण इथेच सुरू होतं. एक चाल सगळ्यांनी म्हणायची असेल, पुरुष एक सप्तक खाली, तर हिशेब साधा ठेवा: बायकांसाठी हार्मोनियमच्या मधल्या पांढरी एकपासून तिच्या वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे एक सप्तक आणि वर एक सूर, एवढ्यात गाणं बसलं पाहिजे. न बसणारं गाणं कितीही आवडतं असलं तरी सुरुवातीला बाजूला ठेवा. मूळ रेकॉर्डिंगच्या पट्टीचा हट्ट धरू नका, ते एका कसलेल्या गळ्यासाठी बसवलेलं असतं, तुमच्याकडे दिवसभर काम करून थकलेले चाळीस गळे आहेत.

सराव कसा चालवायचा

दीड तास पुरे, मध्ये दहा मिनिटं सुट्टी, आणि ती सुट्टी कधीही कापू नका. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2015 मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे प्रौढांचे वर्ग सात महिने बघितले. शेवटी तिन्हीकडे ओळखी सारख्याच घट्ट झाल्या, पण गाण्याच्या वर्गात त्या खूप लवकर झाल्या. मला ते रोज दिसतं, अनोळखी माणसं तिसऱ्या आठवड्यात एकमेकांना घरी सोडायला लागतात आणि हे सगळं सुट्टीत ठरतं.

सुरुवात गळा तापवण्याने, सात-आठ मिनिटं. खांदे सैल करा, ओठ फुरफुरवत आवाज खालून वर आणि वरून खाली न्या, मग तोंड बंद ठेवून एका सुरावर गुंजा. याने लोकांना हसू येतं आणि हसलं की जबडा सुटतो, ते हवंच आहे. मग ओळीओळीने: ताईंनी एक ओळ म्हणायची, गटाने परत म्हणायची. कागद लगेच वाटू नका. कागद हातात आला की माना खाली जातात, आवाज जमिनीत जातो, चाल पाठ झाल्यावर द्या, आणि अक्षरं मोठी छापा, अगदी वीस पॉइंटची, कारण चष्मा विसरलेली माणसं सांगत नाहीत, नुसती गुणगुणतात.

गोलात किंवा अर्धगोलात बसा आणि खुर्च्यांमध्ये हातभर अंतर ठेवा. खेटून बसलं की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग माणूस जोर लावतो, शेजारी अजून जोर लावतो आणि अर्ध्या तासात सगळे ओरडत असतात. 1911 साली एत्येन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरांनी हेच दाखवून दिलं होतं की आजूबाजूला आवाज असला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. उपाय म्हणजे "हळू गा" असं ओरडणं नाही. एक कडवं नुसतं गुंजत म्हणायला लावा, कान आपोआप उघडतात.

सूर उतरण्याचं काय? वाद्याशिवाय गाताना गट हळूहळू खाली सरकतोच, गाणं संपल्यावर हार्मोनियमवर सा दाबून बघा, अर्धी पट्टी तरी खाली असता. चिडू नका. बहुतेक वेळा कारण दमलेला श्वास, फार संथ लय, कोंदट हवा किंवा खाली पोक काढून बसणं असतं. खिडकी उघडा, सगळ्यांना उभं करा, लय थोडी वाढवा, पुन्हा सा द्या. नाहीच जमलं तर पट्टी अर्ध्याने वर न्या, कधीकधी गाणं एका विचित्र जागी अडकलेलं असतं आणि अर्ध्या पट्टीने सुटतं.

वेगवेगळे भाग लावायची, म्हणजे एकाच वेळी काहींनी एक सूर आणि काहींनी दुसरा म्हणायची, घाई नको. आधी एक चाल सगळ्यांची, मग तीच चाल दोन गटांनी मागेपुढे सुरू करायची, म्हणजे पहिला गट दुसऱ्या ओळीवर आला की दुसरा पहिली ओळ धरतो. हे पहिल्यांदा नीट जमतं ना, तेव्हा शेवटच्या ओळीनंतर खोलीत जी शांतता पसरते त्यासाठी मी नऊ वर्षं खुर्च्या उचलतेय. ते मुरलं की सा धरून ठेवणारा एक भाग, मग खरेखुरे दोन सूर, आणि चार भाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी.

पैसे आणि कागदपत्रं

गट चालवणाऱ्या माणसाला मानधन द्या. कमी द्या पण ठरलेलं आणि वेळेवर द्या. "आवड आहे ना तुम्हाला" म्हणून फुकट राबवलेला संचालक दोन वर्षांत थकतो आणि मग सगळं थांबतं. वर्गणी ठेवा पण ज्याला जमेल तेवढी, आणि कोणी किती दिली हे फक्त हिशेब ठेवणाऱ्यालाच कळू दे. आमच्याकडे एक बंद डबा दाराजवळ असतो, लोक येता-जाता टाकतात. महिन्याचा हिशेब मात्र भिंतीवर लावतो, एकूण जमा, भाडं, मानधन, छपाई, शिल्लक.

कॉपीराइटकडे दुर्लक्ष नको. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षं हक्क राहतात, पुष्कळ देशांत 70. चाल जुनी, पारंपरिक असली तरी कोणी तिची नवी मांडणी केली असेल तर त्या मांडणीवर त्याचा हक्क असतो, शब्दांचा हक्क वेगळा आणि भाषांतराचा आणखी वेगळा. हक्क संपलेल्या रचनांसाठी कॉरल पब्लिक डोमेन लायब्ररी आणि आयएमएसएलपी या साइटवर भरपूर माल फुकट मिळतो, फक्त तुमच्या देशात ते मोकळं आहे का हे पाहून घ्या. आणि शहरात कोणी तरुण संगीतकार असेल तर त्याच्याकडून तुमच्या गळ्यांसाठी एक गाणं बनवून घ्या, पैसे देऊन.

गात नसाल तर काय करता येईल

खूप. तुमच्या ओळखीने एखाद्या शाळेचा हॉल संध्याकाळी मोकळा मिळवून देणं ही सगळ्यात मोठी मदत, कारण शहरात जागा आहेत, संध्याकाळी कुलुपात पडून असतात. महानगरपालिकेत किंवा वॉर्डात कोणाला भेटाल तर महोत्सवासाठी निधी मागू नका, सार्वजनिक इमारतीतली एक खोली आठवड्यातून दोन तास वर्षभर मागा आणि एक कपाट मागा, कीबोर्ड ठेवायला. दर आठवड्याला कीबोर्ड जिन्यावरून वाहून माणसाची पाठ जाते आणि पाठीबरोबर उत्साहही जातो. कोणी लहान मुलं सांभाळेल का शेजारच्या खोलीत? आमच्याकडे एका आजींनी हे सुरू केलं आणि एका महिन्यात गटात सहा लेकुरवाळ्या बायका वाढल्या.

कार्यक्रम वर्षातून दोनच करा, छोटे, लोक जिथे असतात तिथे, हॉस्पिटलचा पॅसेज, वृद्धाश्रम, बाग. शेवटचं गाणं असं ठेवा की ऐकणाऱ्यांना ओळीमागे ओळ म्हणून सामील होता येईल. तिथून दोन-तीन माणसं पुढच्या आठवड्यात दारात उभी असतात.

आणि पहिल्याच वर्षी एक काम उरकून टाका: दुसरा माणूस तयार करा. महिन्यातून एक सराव ताईंनी न घेता दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा, ताईंनी मागे बसून गायचं. खोलीच्या चाव्या दोघांकडे, गाण्यांची फाइल दोघांकडे, लोकांचे फोन नंबर दोघांकडे. आमच्या ताई मागच्या पावसाळ्यात दोन महिने आजारी होत्या, काकांनी दार उघडलं, खुर्च्या मांडल्या, सा दिला आणि सराव साडेसहालाच सुरू झाला.